ते फाटकं कार्ड आधी वाच

प्रिय मावशी,
माझ्या खापरपणजोबांना कोकणातून आलेल्या पत्रांचा गठ्ठा आमच्या पुण्याच्या घरात सापडला. ते गिरगावात राहून नोकरी करत. शके 1819च्या उन्हाळ्यात बाकी सगळी मंडळी हर्णैजवळच्या गावच्या घरी होती. पत्रं त्यांच्या धाकट्या भावाची, मोडी लिपीत. मी पदरचे पैसे घालून ती बाळबोधीत उतरवून घेतली. आता मे महिन्यात आमचं कुलसंमेलन आहे आणि त्यासाठी मी पुस्तिका करतेय. चुलतभाऊ, म्हणजे दादा, म्हणतो की आंबे, पडाव, पाहुणे, मुंजीची तयारी एवढंच छाप, लोकांना जुनी समुद्राकाठची सुट्टी वाचायला मजा येईल. मी म्हणते, सावकाराचं कर्ज आणि धाकट्या जावेला दिलेला त्रासही आला पाहिजे. यावरून वहिनी दोन महिने माझ्याशी बोलत नाही. खरं सांगायचा आग्रह धरला हे माझं चुकलं का?
ता. क. एक पोस्टकार्ड मधोमध फाटलेलं आहे, दोन्ही तुकडे गठ्ठ्यातच होते. जुळवायची कटकट, म्हणून ते उतरवायला दिलं नाही. चिकटपट्टी लावली तर चालेल का?
– खऱ्याच्या बाजूची, पुणे

नाही. चिकटपट्टी लावू नकोस. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि शाईही पसरवू शकतो. दोन्ही तुकडे साध्या, कोऱ्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेव आणि हात धुऊन माझं पुढचं वाच.

तू चार पानी पत्र लिहिलंस (वर ते थोडक्यात दिलंय), सोबत उतारे धाडलेस, त्यात वहिनीच्या अबोल्यावरच दीड पान. आणि ज्या एका गोष्टीने मी खुर्चीत सरळ झाले, ती तू ताजा कलमात टाकलीस, तीसुद्धा चिकटपट्टीच्या चौकशीसाठी! पोस्टकार्ड आपोआप मधोमध फाटत नाही, बाई. वाळवी कडा खाते, घडी झिजते, पण कार्डाला घडी नसते. ते कुणीतरी फाडलंय. आपल्याकडे कार्ड का फाडत, हे तुझ्या आईला विचार, तिला नक्की माहीत असेल. मरणाची बातमी आली की वाचायची आणि पत्र फाडून टाकायचं. ते घरात ठेवायचं नाही. लिहिणाराही वर ‘श्री’ घालत नसे. तुला मोडी येत नाही हे कबूल, पण वरच्या बाजूला श्री आहे की जागा कोरी आहे, एवढं तरी दिसेल ना? बघ.

म्हणजे तुझ्या खापरपणजोबांनी रीत पाळली, कार्ड फाडलं. आणि मग दोन्ही तुकडे उचलून बाकीच्या पत्रांत ठेवले. एवढं एक त्यांनी रीतीविरुद्ध केलं, आणि तू तेवढं एकच वाचलं नाहीस.

आता साल बघ. शके 1819चा उन्हाळा म्हणजे 1897. तू ते साल असं लिहिलंयस, जणू कुठलंही साल. मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला तो सप्टेंबर 1896मध्ये. फेब्रुवारी 1897पर्यंत लाखो माणसं मुंबई सोडून गेली होती. 4 फेब्रुवारीला साथरोगाचा कायदा झाला आणि आगगाडीतल्या उतारूंना, घरातल्या आजाऱ्यांना तपासायचे, उचलून न्यायचे अधिकार सरकारकडे आले. 10 मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. 22 जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. तुमच्या घराची सुट्टी या दोन तारखांच्या मधली आहे.

ती सुट्टी नव्हतीच. तुझ्या उताऱ्यांत धाकटा भाऊ लिहितो, ‘आपण तिकडे एकटे, जपून असावे’, ‘मंडळीस इतक्यात मुंबईस नेण्याचे मनात आणू नये’. दादाला त्यात भावाभावांचं प्रेम दिसलं. प्रेम असेलच. पण एक माणूस नोकरी सुटू नये म्हणून गिरगावच्या खोलीत एकटा थांबलाय आणि बायकामुलांना त्याने आगबोटीत बसवून लांब धाडलंय, हे तुम्हा दोघांनाही दिसलं नाही. हर्णैला आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथून पडावात उतरायचं, मग किनारा. दादाला आवडलेली पडावाची गंमत ती हीच, पोराबाळांना पडावातून उचलून वाळूवर ठेवल्याची. त्या पडावातून जीव वाचवून माणसं उतरत होती, दादा. (हे त्याला वाचून दाखव.)

आणि समुद्राकाठ म्हणजे काय? आज आपण किनाऱ्यावर खोली घेऊन सूर्यास्ताचे फोटो काढतो, म्हणून त्यांनाही तसंच वाटत असेल असं धरून चालतो. कोकणातल्या त्या घरात उन्हाळा म्हणजे आंबोशी, आमसुलं, साठं, सांडगे, फणस चिरून चिकट झालेले हात, आणि जेवायला रोज चार पानं जास्त. मेअखेरीला आगबोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू. त्याआधी जे काय आणायचं ते आणायचं, जे पाठवायचं ते पाठवायचं. मला वाटतं, घरातल्या बायका समुद्राकडे बघत असतील त्या आगबोटीचा धूर दिसतोय का तेवढ्यासाठी.

तर अशा त्या घरात मुंजीची तयारी चालली होती. तीन पत्रं तूच उतरवून पाठवलीस. भिक्षावळीचं ठरलं, मातृभोजनाला कोण कोण बसणार ते ठरलं, गुळाची ढेप आणली. आणि पुढच्या पत्रांत मुंजीचा शब्द नाही. तू कंसात लिहितेस, ‘मुंजीचं पुढे काय झालं कळत नाही, बहुतेक पत्र गहाळ’. गहाळ कसलं! पत्र तुझ्या टेबलावर आहे, दोन तुकड्यांत. घरात सुतक आलं की मुंज राहते, हे काय मी सांगायला हवं?

कोण गेलं, मला माहीत नाही. मुंबईत प्लेग, म्हणून तिकडूनच बातमी आली असणार असं कुणालाही वाटेल. पण कार्ड सापडलं ते खापरपणजोबांच्या गठ्ठ्यात. म्हणजे ते कोकणातून त्यांच्याकडे गेलं. ज्यांना सुरक्षित राहावं म्हणून पाठवलं, त्यांच्यातलं कुणीतरी. माझा तर्क चुकीचाही ठरेल, आनंदच आहे. पण तो ताडून बघायला मोडी लागत नाही. कार्ड उलट. पत्त्याच्या बाजूला राणीचं छापील तिकीट आणि टपालाचे शिक्के असतील. शिक्क्यावरचं गाव आणि तारीख इंग्रजीत असते, भिंगाने वाच. मग आपल्या उताऱ्यांत त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची पत्रं शेजारी ठेव आणि शेवटी जे आशीर्वाद आणि नमस्कार असतात ते ओळीने तपास. चि. अमुक, चि. तमुक, सौ. अमुक. कोणतं नाव त्या तारखेनंतर येत नाही?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हवंय तुला. खरं सांगायचा आग्रह धरलास हे चुकलं का? तू खरं सांगायचा आग्रह धरलेलाच नाहीस. दादाला गोड हवं होतं, तुला तिखट, आणि दोघांनी आपापल्या आवडीचं वेचून घेतलं. कर्जाचं म्हणशील, तर त्या काळात कर्ज नसलेलं कोकणातलं घर मला दाखव. गावचं घर मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायचं, त्यात बातमी कसली? जावेला त्रास झाला हे मात्र खरं आणि वाईट, ते छाप. पण तेही तुला तिच्यासाठी छापायचंय की दादाच्या पूर्वजांना उघडं पाडायला, याची खात्री तुझ्या पत्रावरून मला झाली नाही. तिचं नावसुद्धा तू कुठे लिहिलं नाहीस.

वहिनी बोलत नाही तर नको बोलू दे. ती घरात येऊन या भांडणात पडली एवढाच तिचा अपराध, आणि तुमच्या गठ्ठ्यापासून तिला सध्या सुटी मिळाली आहे.

तुला एकच सांगते. पुस्तिका बंद ठेव, छापखान्याला थांबायला सांग, तो थांबतो. या आठवड्यात ते कार्ड उतरवून घे. तू पुण्यात राहतेस, मोडी वाचणारी माणसं तुझ्या शहरात आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळात जा, मोडी वाचणारं कुणी आहे का विचार, नाहीतर ज्यांच्याकडून बाकीची पत्रं उतरवलीस त्यांना गाठ. एका कार्डाचे जे काय पैसे होतील ते दे, घासाघीस करू नकोस. मजकूर हातात आला की दादाला फोन कर आणि आधी तो वाचून दाखव. पुस्तिकेत काय घ्यायचं, काय वगळायचं, हे तोवर त्याच्याशी अजिबात बोलायचं नाही.

आणि ते तुकडे कुरियरने पाठवू नकोस. रिक्षाने जा, पाकीट मांडीवर ठेवून.
– मावशी