ताईला विचारा: लाइनवरच्या मावशी सारख्या बाहेर का जातात?

प्रश्न: ताई, मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंगला शिफ्ट सुपरवायझर आहे, वय ३३. लाइनवर बहुतेक बायकाच, फोंडा, सावर्डे, केपे साइडच्या. त्यातल्या सगळ्यात सिनियर ४८ वर्षांच्या, सगळे त्यांना मावशीच म्हणतात, काम एकदम चोख. पण गेले काही महिने त्या मध्येच लाइन सोडून जातात, यायला पंधरा-वीस मिनिटं लावतात, येतात तेव्हा घामाने निथळत असतात, कोणी काही बोललं की भडकतात, आणि परवा बॅच नंबर बघण्यात चूक केली जी त्यांच्याकडून कधीच होत नाही. पोरं मागून "मावशीला फॅन लावा रे" म्हणून हसतात. माझी बायको म्हणाली मेनोपॉज असणार, म्हणजे पाळी जायचा काळ. मी पुरुष, वयाने लहान, कसं बोलू? वरून मेमो द्यायचं प्रेशर आहे.

उत्तर: मेमो आधी ड्रॉवरमध्ये टाका. बायकोचा अंदाज बरोबर असेलही, पण तो तुम्ही मावशींना ऐकवायचा नाही. या वयात थायरॉइड बिघडलं, रक्त कमी झालं तरी माणूस असाच थकतो, चिडतो, विसरतो, त्यामुळे निदान डॉक्टरवर सोडा. तुम्ही कामाचं विचारा, शरीराचं नको. कँटीनमध्ये तर मुळीच नको, बाजूला बोलवून एवढंच म्हणा, "मावशी, हल्ली तुम्हाला लाइनवर त्रास होतोय असं वाटतं, कामात काय बदललं तर बरं पडेल?" आणि मग गप्प बसा. त्या "काय नाय रे" म्हणून उडवून लावतील, लावू दे. "माझ्याशी नको असेल तर क्यूएच्या (क्वालिटी बघणाऱ्या) मॅडमशी बोला" एवढं सांगून ठेवा, चार दिवसांनी त्या स्वतःच येतील बघा.

आता ती पंधरा-वीस मिनिटं. तुम्ही रोज गाऊनिंग करता मग हिशोब तुमच्या लक्षात कसा आला नाही मला कळत नाही! हातमोजे, मास्क, टोपी, ओव्हरऑल, शू कव्हर सगळं उतरवायचं, मग बाथरूम, मग हात धुवून सगळं परत चढवायचं. बाथरूमचा वेळ त्यात किती, बाकी सगळा कपड्यांचा. आणि पाळी जायच्या आधीची काही वर्षं ती धड येत नाही, दोन-तीन महिने पत्ता नसतो आणि मग एकदम इतकं अंगावरून जातं की पॅड तास-दीड तास पण पुरत नाही. अंगात पांढरा ओव्हरऑल, आजूबाजूला पोरं, मागे डाग तर नाही ना पडला या धास्तीने बाई दहा वेळा बाहेर जाणारच, मी पण गेले असते.

घामाचं म्हणाल तर तुमचा एसी कितीही चालू असू दे. हॉर्मोन कमी झाले की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र उगाच बिथरतं, मग छातीपासून वर वाफ चढल्यासारखं होतं, काही मिनिटांत ओसरतं, पण तोवर आतले कपडे ओले झालेले असतात. हेच रात्रीही होतं, झोप मोडते, आणि फर्स्ट शिफ्टची बस पहाटे अंधारात पकडायची. मग बॅच नंबर चुकला तर त्यात आळस कुठला आला?

करता काय येईल तर बरंच, आणि फार खर्च नाही. लाइनला एक रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, ठेवा म्हणजे कोणी बाहेर गेलं की विचारावं लागत नाही. जादा ओव्हरऑल धुतलेले तयार ठेवा. मावशींना चालणार असेल तर काही दिवस कार्टनच्या साइडला द्या, तिथे एवढं गाऊनिंग नसतं, पण पगार-ओव्हरटाइमला हात न लावता, नाहीतर ती शिक्षाच झाली. पहाटेच्या शिफ्टऐवजी दुसरी हवी का विचारा. आणि हे "मावशीसाठी" म्हणून करू नका, सगळ्यांसाठी रोटेशन लावा, गरोदर पोरीला आणि पाठदुखीवाल्यालाही उपयोगी पडेल.

वरचे साहेब कायदा विचारतील. मेनोपॉजसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पण उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय द्या हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच लिहिलं होतं, म्हणजे स्टूल मागताय, सिंहासन नाही. आणि फॅनवाल्या पोरांना तिथल्या तिथे थांबवा. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर त्यांना परवानगीच मिळाली, आणि असली थट्टा लैंगिक शेरेबाजीकडे वळली की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली तक्रार होऊ शकते हे त्यांना सांगा.

एक राहिलं, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापत असेल तर मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलला दाखवता येतं, रक्ताची तपासणी तरी होऊ दे. ही माहिती नोटीस बोर्डावर सगळ्यांसाठी लावा, मावशींच्या हातात नेऊन देऊ नका.

प्रश्न: ताई, पणजीत हॉटेलच्या रिसेप्शनला आहे, वय ५१. दीड वर्ष पाळी नव्हती, आता परत थोडं थोडं अंगावरून जातंय. डिसेंबरचा सीझन, मॅनेजर पोरगा २८ वर्षांचा, त्याला काय सांगणार. जानेवारीत दाखवलं तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असं धरतात, आणि त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी लगेच तपासायचं. बहुतेक वेळा साधंच काही निघतं, आतलं अस्तर पातळ झालेलं वगैरे, पण गर्भाशयाचा कॅन्सर नाही ना ते बघावंच लागतं आणि लवकर कळलं तर उपचार चांगले होतात. बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) गायनॅक ओपीडीत जा, सोनोग्राफी करतील, लागलं तर पुढची तपासणी. मॅनेजरला "डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे, या दिवशी सकाळची ड्युटी दुसऱ्याला द्या" एवढं पुरे, कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. तो "सीझन आहे हो मॅडम" म्हणेलच, तरी या आठवड्यातच जा.