बारव साफ करायला निघालात? आधी एवढं बघा

पडकी बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, स्वच्छ करायची तुमची इच्छा वाचून फार बरं वाटलं. पण पहिल्या दिवशी फावडं नको, वही न्या. पायऱ्या मोजा, फोटो काढा, पाणी कुठून झिरपतं ते पाहा. मग ग्रामपंचायतीत विचारा. बारव संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- भिंतीतलं पिंपळाचं रोप हिसकून उपटतात. मूळ सांध्यात शिरलेलं असतं, ओढलं की चिराही निखळतो. बुंध्याशी कापा.
- फटीत सिमेंट भरतात. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. एका देवकोष्ठाची, म्हणजे मूर्तीसाठीच्या कोनाड्याची, नक्षी अशी गेलेली मी पाहिली आहे, अजून जीव हळहळतो.
- तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, ऑइलपेंट. नकोच.

मूर्ती किंवा नाणं दिसलं तर जागेवरच फोटो काढून तहसील कार्यालयात कळवा. घरी नेऊ नका, देवळातही नाही.

सुरुवात वरच्या पायऱ्यांवरच्या प्लास्टिकपासून करा. खोल पाण्यात एकट्याने उतरू नका. गाळ काढण्याचं नंतर बोलू.