अमेरिकेत गांजावर केंद्राची बंदी आहे, मग काही राज्यांत तो दुकानात उघडपणे कसा विकतात?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की राज्य सरकार केंद्राचा कायदा धाब्यावर बसवून लायसन्स देतं तरी कसं, आणि केंद्र गप्प का बसतं. मी न्यू जर्सीत राहते, छोट्या धंद्यांची टॅक्स रिटर्न भरून देते. माझ्यापुढे हा घोळ पहिल्यांदा आला तो एका फायलीतून.

फाइल होती अशाच एका दुकानाची, २०२३ सालची. दुकान एक, पण राज्याच्या आणि केंद्राच्या रिटर्नमधला नफा वेगळा. राज्याच्या रिटर्नमध्ये भाडं, पगार, वीजबिल, सगळं रीतसर खर्चात. केंद्राच्या रिटर्नमध्ये मालाची किंमत वजा करायची आणि बास. केंद्राच्या आयकर कायद्यात १९८२ पासून कलम २८०-ई आहे: बंदी असलेल्या अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला धंद्याचा खर्च वजा मिळणार नाही. म्हणजे तू गुन्हेगार आहेस असं सांगायचं, आणि त्याच दमात कर भर म्हणायचं. (२०२४ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने गांजाला अमली पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक यादीतून सौम्य अशा तिसऱ्या यादीत आणायचा प्रस्ताव मांडला. तसं झालं की हे कलम गांजाला लागू होत नाही, म्हणून दुकानदारांचे डोळे त्याकडे लागले.)

आता मूळ मुद्दा. ‘राज्यांना स्वायत्तता आहे म्हणून तिथे गांजा कायदेशीर आहे’ असं बरेच जण बिनदिक्कत ठोकून देतात. ते चूक आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा पहिल्या यादीत टाकला आणि केंद्राला तो अधिकार आहे असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय. अमेरिकेच्या राज्यघटनेत केंद्राला मोजकेच अधिकार दिलेत, उरलेले १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीप्रमाणे राज्यांचे किंवा लोकांचे. आपल्याकडे नेमकं उलटं, उरलंसुरलं सगळं केंद्राकडे. पण अमेरिकेतल्या त्या मोजक्या अधिकारांत एक आहे ‘राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन’, आणि तो रबरासारखा ताणला गेलाय.

किती ताणला गेलाय? ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला गव्हासाठी ११.१ एकरांची मुभा होती, त्याने २३ एकर पेरले. भाव पडू नयेत म्हणून केंद्राने मर्यादा घातली होती. जादा पीक २३९ बुशेल, दंड ११७ डॉलर ११ सेंट. तो म्हणाला, हा गहू मी विकतच नाही, कोंबड्या-गुरांना घालतो, घरी दळून खातो, यात व्यापार कुठे आला? १९४२ मध्ये कोर्टाने एकमताने त्याला हरवलं. घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातून घेतला नाहीस, आणि असं सगळ्यांनी केलं तर देशभरच्या भावावर परिणाम होतोच की! तर्क बिनतोड, पण वाचताना हसूही येतं.

हाच तर्क गांजाला लागला. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधी वापराला परवानगी दिली होती. डायन मॉन्सन या बाईने पाठदुखीसाठी डॉक्टरच्या सल्ल्याने सहा रोपं लावली. ऑगस्ट २००२ मध्ये स्थानिक पोलीस आणि केंद्राचे एजंट एकत्रच तिच्या घरी गेले. स्थानिक पोलीस म्हणाले, राज्याच्या कायद्याप्रमाणे हे ठीक आहे. त्यांची आणि एजंटांची तीन तास हुज्जत चालली आणि शेवटी एजंटांनी सहाही रोपं नष्ट केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्राची बाजू घेतली.

मग दुकानं कशी उभी आहेत? कारण केंद्र कायदा करू शकतं, पण तो राबवायला राज्याचा पोलीस वेठीला धरू शकत नाही. राज्याने आपली बंदी उठवली की दुकानावर छापा घालायचा तर केंद्राने स्वतःच्या माणसांनी घालायचा. हे १९९७ मध्ये बंदुकांच्या खटल्यात पक्कं झालं. पिस्तूल विकण्याआधी गिऱ्हाइकाची चौकशी स्थानिक पोलीसप्रमुखाने करावी असं केंद्राच्या कायद्यात होतं. मोंटानातला एक शेरीफ, जे प्रिंट्झ, म्हणाला की मी तुमचा नोकर नाही. पाच विरुद्ध चारने तो जिंकला. गंमत म्हणजे हे तत्त्व कोणा एका पक्षाचं राहत नाही. तेव्हा बंदूकवाले खूश झाले. आज तेच तत्त्व पुढे करून काही शहरं स्थलांतरितांना पकडायला केंद्राला मदत करत नाहीत. आणि त्याचं मूळ तर १८४२ च्या निकालात आहे, पळून आलेल्या गुलामांना पकडून द्यायला उत्तरेकडच्या राज्यांवर सक्ती करता येईल का, या वादात.

आमच्या न्यू जर्सीने तर याच जोरावर २०१८ मध्ये खेळांवरच्या सट्ट्याची केस जिंकली. राज्यांनी सट्ट्याला परवानगी देऊ नये असा हुकूमच केंद्र देऊ शकत नाही, असं कोर्ट म्हणालं. महिनाभरात इथे सट्टा सुरू!

केंद्राकडे दुसरा हुकमी एक्का म्हणजे पैसा. दारूचं वय २१ करा, नाहीतर हायवेचा ५ टक्के निधी कापू, असं केंद्राने १९८४ मध्ये म्हटलं आणि कोर्टाने ते चालवून घेतलं. गांजात मात्र उलटंच झालं. राज्यांच्या औषधी गांजाच्या कायद्यात अडथळा आणायला न्याय खात्याने पैसा वापरायचा नाही, असं २०१४ पासून संसदच बजेटमध्ये लिहीत आलीय.

भारतात हे जमणं कठीण. पोलीस राज्याचे असले तरी अनुच्छेद २५६ सांगतो की राज्याने आपला कारभार संसदेच्या कायद्यांचं पालन होईल असाच करायचा, आणि केंद्र त्यासाठी निर्देश देऊ शकतं. निर्देश पाळले नाहीत तर अनुच्छेद ३६५ आहेच, म्हणजे राष्ट्रपती राजवट. होळीची भांग सुटते ती १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतच नुसती पानं वगळलीत म्हणून. राज्याने बंड केलंय म्हणून नव्हे.

तुम्ही इकडे येणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हा सगळा केंद्राचा कारभार. राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा वापर, किंवा त्या धंद्यातली नोकरीसुद्धा, नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येऊ शकते, हे इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्ये लेखी सांगितलंय. आमच्या ओळखीतल्या एकीने परवा विचारलं, गुडघ्याला चोळायला गांजाच्या दुकानातलं मलम आणू का, अमेरिकन शेजारीण फार गुण सांगते. ती ग्रीन कार्डवर आहे. म्हटलं, वकिलाला विचार, आणि नागरिकत्वाचा शपथविधी होईपर्यंत आयोडेक्सच लाव.