उन्हाळाभर बंद ठेवलेला १५ लिटरचा गीझर थंडीत सुरू केल्यावर खालून गळतोय, काय करावं? (लातूर, बोअरचं पाणी)

आधी एमसीबी (गीझरच्या लाईनचा मेन स्विच) बंद करा, गीझर कोरडा पुसा आणि पहिला थेंब कुठून येतो ते बघा.

थंड पाण्याच्या नळीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त तापताना थेंब पडत असतील तर बिघाड नाही. २० वरून ६० अंशांवर जाताना पाणी सुमारे दीड टक्का फुगतं, म्हणजे १५ लिटरमागे पेलाभर. ते तिथूनच बाहेर पडायला हवं. तिथे बूच मारणारे प्लंबर भेटतात. टाकी फुटू शकते, मारू देऊ नका. गार असतानाही गळत असेल तर आत क्षाराचा खडा अडकलाय. व्हॉल्व्हची दांडी चार-पाच वेळा उचलून पाणी जाऊ द्या, थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला.

खालच्या झाकणातून पाणी येत असेल तर बहुतेक फ्लँजचं (एलिमेंट बसवलेल्या चकतीचं) रबरी गॅस्केट गेलंय. टाकी रिकामी करून ठेवली की ते सुकून आकसतं. त्याच मॉडेलचं नवीन घ्या, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. उघडलंच आहे तर ॲनोड रॉडही बघा, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी आतली कांडी. आपल्याकडच्या जड पाण्यात तो लवकर झिजतो. नुसती तार उरली असेल तर बदला, नाहीतर पुढचा नंबर टाकीचा.

जोडाला गळती असेल तर जुनी टेप काढून नवीन टेफ्लॉन टेप १०-१२ वेढे.

टाकीलाच भोक असेल तर वेल्डिंगवर पैसे घालवू नका, आतला लेप जळतो.

गरम नळातून सलग धार आल्याशिवाय स्विच लावू नका, कोरडं एलिमेंट जळतं.