पोलाद तापते तेव्हा आत काय घडते?

प्रश्न : छिन्नीला पाणी देण्यापूर्वी ती लाल होईपर्यंत तापवतात. ती वितळत नाही, मग आत असे काय बदलते की बुडवल्यावर ती कठीण व्हावी? आणि फार तापवलेली छिन्नी ठिसूळ का निघते?

उत्तर : छिन्नी घनच राहते, पण तिच्यातील अणूंची मांडणी मोडून नव्याने बसते, आणि पाण्याने येणाऱ्या कठीणपणाची खरी तयारी तिथेच होते.

एरवी लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागी असे बसलेले असतात. या रचनेला फेराइट म्हणतात. तिच्यातील फटी इतक्या अरुंद असतात की 727 अंश सेल्सियसलाही तिच्यात जेमतेम 0.02 टक्के कार्बन मावतो. उरलेला लोखंडाशी जोडला जाऊन सिमेंटाइट हे कठीण संयुग बनते. सुमारे 0.8 टक्के कार्बनचे, सावकाश निवलेले पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर या दोहोंचे पातळ थर एकाआड एक रचलेले दिसतात. हे पर्लाइट.

727 अंश ओलांडले की या थरांच्या सीमांवर ऑस्टेनाइट या नव्या रचनेचे बारीक कण उगवू लागतात. त्यात अणू कोपऱ्यांवर आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर असतात. ही मांडणी अधिक दाट, त्यामुळे तापत असतानाही पोलाद या टप्प्यावर किंचित आकसते. मात्र तिच्यातील एकेक फट मोठी असल्याने कार्बन त्यात विरघळतो. या बदलात उष्णता खर्ची पडते, म्हणून आच तशीच असूनही तापमान जरा रेंगाळते. फेराइट आधी संपते, सिमेंटाइटचे तुकडे मागे उरतात, आणि ते विरघळल्यावरही कार्बन सगळीकडे सारखा पसरायला वेळ लागतो. म्हणूनच रंग आला की लगेच बुडवण्याची घाई करू नये.

लोहचुंबक चिकटेनासे झाले की तापमान गाठले, ही जुनी खूण छिन्नीच्या पोलादाला चांगली लागू पडते, कारण तिथे फेराइट संपताच चुंबकत्वही जाते. कमी कार्बनच्या पोलादात मात्र ते 770 अंशांच्या आसपास जाते, तेव्हा बरेच फेराइट शिल्लक असू शकते.

आता ठिसूळपणा. आच वाढतच राहिली, तर ऑस्टेनाइटचे मोठे कण लहानांना गिळत जातात. पाण्यात कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो अडकून पडतो आणि मार्टेन्साइट ही अतिशय कठीण रचना तयार होते. कण मोठे असले तर तेही जाडेभरडे, म्हणून ठिसूळ निघते. अशी छिन्नी तुटली की तुटलेल्या जागी साखरेसारखे चकाकणारे खडे दिसतात, तर योग्य तापलेलीचा भंग राखाडी आणि मखमलीसारखा बारीक असतो. पोलाद करपलेले नसेल, तर ते सावकाश निवू द्यावे आणि योग्य तापमानापर्यंतच पुन्हा तापवावे. तो टप्पा ओलांडताना कण नव्याने, बारीक उगवतात.