एकाच छोट्या खोलीतून घरगुती विक्री चालते, माल जमिनीवर पसरतो. कसा ठेवावा?

माल जमिनीवरून उचलून भिंतीवर उभा चढवा आणि प्रकारानुसार नाही, तर खपानुसार लावा. मोठ्या गोदामांतही हीच पद्धत असते, तिला एबीसी वर्गीकरण म्हणतात: रोज जाणारा माल कंबर ते खांद्याच्या उंचीवर, अधूनमधून जाणारा त्याच्या वर, क्वचित जाणारा अगदी माथ्यावर किंवा पलंगाखाली. साधारणपणे बहुतेक विक्री थोड्याच वस्तूंची होते, त्यामुळे हाताशी लागणारी जागा वाटते त्यापेक्षा कमी असते. जड खोकी मात्र खप कितीही असो, खालच्याच फळीवर. आणि उंच रॅक भिंतीला स्क्रूने पक्का करा, हे टाळू नका.

खोके पारदर्शक घ्या किंवा समोरच्या बाजूला नाव आणि नग लिहा. नवा माल मागे, जुना पुढे.

खरी जागा मात्र वाचते ती कमी मागवण्याने. रोज 3 नग जातात आणि माल यायला 5 दिवस लागतात, तर 15 नग अधिक 5 राखीव, म्हणजे 20 उरले की पुढची ऑर्डर द्या. घाऊक सवलतीच्या मोहात सहा महिन्यांचा साठा घरात आणला, तर कुठलाही रॅक पुरणार नाही.

एक अपवाद: कापड, कागद, खाद्यपदार्थ असतील तर पलंगाखालची जागा आणि ओल येणारी बाहेरची भिंत टाळा, फळी भिंतीपासून चार बोटं पुढेच ठेवा. (मग स्क्रू मारताना मधे लाकडी ठोकळा घाला.)