घरातला दिवा बोटीवर लावायचाय? मग एवढं बघा

बोटीवर वीज बहुतेक वेळा १२ व्होल्टच्या बॅटरीवरून येते, घरातल्यासारखी २३० ची नाही. पण दिवा बदलायची गरज नाही, बल्ब बदला. होल्डर, शेड, स्टँड सगळं तसंच चालतं. ई२७ म्हणजे आट्यांच्या होल्डरमध्ये बसणारे १२ व्होल्टचे एलईडी बल्ब मिळतात. फक्त नुसतं '१२ व्होल्ट' लिहिलेला घेऊ नका. चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ पर्यंत जाते, म्हणून १० ते ३० व्होल्ट डीसी लिहिलेला घ्या. माझे पहिले दोन असेच महिन्याभरात गेले.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जुना प्लग तसाच ठेवणं. उद्या कुणी तो किनाऱ्यावरच्या २३० च्या सॉकेटमध्ये खुपसला की बल्ब गेलाच. आधी तो कापून टाका.
- फ्यूज न लावणं किंवा दिव्याजवळ लावणं. तो बॅटरीजवळ, प्लसच्या वायरवर हवा. नाहीतर बॅटरी आणि फ्यूजच्या मधली वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूज काहीच करत नाही आणि आग लागते.
- ६० वॉटचा पिवळा बल्ब शोधत बसणं. १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर खातो. ६ वॉटचा एलईडी अर्ध्या अँपिअरमध्ये भागवतो.

बल्ब पेटला नाही तर घाबरू नका, आधी प्लस-मायनस उलटून बघा. डिमरचं नंतर बोलू. आधी एकच दिवा करा.